रस्त्यापलीकडचं इंदोर

नेरच्या बसस्टँडसमोर घनश्यामची हातगाडी वीस वर्षांहून जास्त काळ उभी आहे. तिला नाव नाही, पाटी नाही. यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या बसचा कंडक्टर खाली उतरताना ड्रायव्हरला फक्त "घनश्यामकडं" म्हणतो आणि ड्रायव्हर इंजिन बंद करतो. एवढी ओळख असल्यावर पाटी कशाला, असं घनश्यामचं मत होतं.

त्याआधी तो जिनिंगमध्ये कापूस ओढायचा. सीझन संपला की काम संपायचं आणि नाकातोंडात गेलेला कापूस पावसाळाभर खोकल्यातून निघायचा. भावासोबत वाटणीला आलेलं थोडं तुरीचं वावर होतं, ते दोघांना पुरणारं नव्हतं. मग त्याने गाडी टाकली. पोहे, आलूबोंडा, तर्री आणि चहा. जिनिंगमधून त्याने एकच गोष्ट सोबत आणली होती. काम अर्धं सोडून घरी जायचं नाही.

त्याची तर्री म्हणजे काळ्या चण्याचा पातळ, लालभडक रस्सा. चणे आदल्या संध्याकाळी भिजायचे. कांदा आणि खोबरं सरळ जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं, मसाला खलबत्त्यात कुटायचा. घरात मिक्सर आला तेव्हा बेबीताईने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा मसाला त्यात फिरवून पाहिला. घनश्यामने बोट लावून चाखलं आणि म्हणाला, मसाला गरम झाला. त्यानंतर मिक्सर चटणीपुरता राहिला. सकाळी वाफाळत्या गंजातून, म्हणजे उंच पातेल्यातून, मोठ्या पळीने पोह्यांवर तर्री ओतायची, ही पहिली. गिऱ्हाईक प्लेट पुढे करायचं, ही दुसरी. तिसऱ्या वेळी घनश्याम एकदा त्याच्या तोंडाकडे पाहायचा आणि ओतायचा. आमच्या भागात पोहे खायचे म्हणजे तर्रीसोबतच खायचे. कोणी पोहे खाल्ले म्हटल्यावर तर्री होती का, असं विचारत नाही. न्हाणं झालं म्हणणाऱ्याला पाणी होतं का, असं विचारत नाहीत, तसं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर रस्त्याच्या पलीकडे छत्री उभी राहिली. छत्रीखाली आतलं भांडं दिसू न देणारा स्टीलचा उंच, चकचकीत काउंटर, मागे राजवाड्याचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स आणि त्यावर 'इंदोरी पोहा सेंटर'. मालक अभिषेक. कॉलेजच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या मधुसूदनबाबूंचा मुलगा. अमरावतीला इंजिनीअर झाला, काही दिवस पुण्याला नोकरी केली आणि परत आला. हातात प्लास्टिकचे मोजे घालून पोहे वाढायचा. घनश्यामला मोज्यांचं हसू आलं. महिनाभर आलं. मग यायचं बंद झालं, कारण दारव्ह्याच्या जीपा भरून निघेपर्यंत त्याच्या गंजाचा तळ दिसायचा, तो आता दिसेनासा झाला होता.

लोक चोरून जात नव्हते. उघड जात होते, आणि जाताना घनश्यामला रामराम करत होते. त्याला ते जास्त लागलं. दारव्ह्याच्या फेऱ्या करणारा जीपवाला फुलचंद तर पलीकडे खाऊन, तोंड पुसत अलीकडे चहा प्यायला यायचा आणि मोकळ्या मनाने सांगायचा की पोरगा चांगलं बनवतो. वरून बारीक शेव टाकते, आंबट-गोड मसाला भुरकवते, इंदोरचं काही वेगळंच राह्यते. घनश्याम ऐकायचा. प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की भीती दिसते.

बेबीताईला हे सगळं साधं वाटत होतं. एका सकाळी कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "रस्ता ओलांडा. एक प्लेट खा. पोट भरन अन् समजन."

"मी त्याच्या बाकड्यावर बसू? साऱ्या स्टँडदेखत?"

"मग मी जाऊन येऊ का?"

"तू गेली काय अन् मी गेलो काय. गाडी तर एकच हाय."

पार्सल आणवायचंही त्याला पटलं नाही. स्टँडवर कोणाच्या हातात कोणासाठी काय आहे, हे सगळ्यांना कळतं. मुलगा आयुष लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याने फोनवर इंदोरी पोह्यांचे व्हिडिओ पाठवले. घनश्यामने दोन पाहिले. दोन्हीत बाईच्या बोटांत अंगठ्या होत्या, ओटा पांढरा होता आणि कढई वाटीएवढी होती. तो म्हणाला, हिनं कधी एका बसले खाऊ घातलं नाई. आणि फोन पालथा ठेवला.

मग एका रविवारी तो बेबीताईला म्हणाला, बॅग भर, आपण इंदोरला जाऊ. गाडी दोन दिवस बंद राहील. ज्या छत्रीपर्यंत जायला रस्ता ओलांडावा लागत होता, तिच्या पोह्यांसाठी घनश्यामने राज्य ओलांडायचं ठरवलं. बेबीताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नानंतर तो तिला कुठेही घेऊन गेला नव्हता, गाडी बंद ठेवायची नाही म्हणून. मग तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

अमरावतीहून ट्रॅव्हल्सने निघून ते सकाळी इंदोरला उतरले. थंडी होती. राजवाड्यामागच्या एका लॉजवर बॅग टाकली, तोंड धुतलं आणि बाहेर पडले. पहिल्याच कोपऱ्यावर पोहे होते.

घनश्याम आधी खाण्याकडे वळला नाही. तो गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खाली मोठ्या भांड्यात पाणी उकळत होतं आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची परात ठेवली होती. पोहे जाळावर नव्हतेच, वाफेवर होते. सकाळपासून ठेवलेले असूनही दाणा न् दाणा मऊ, पिवळाधमक आणि सुटा. घनश्यामचे पोहे दुसऱ्या तासाला गोळा व्हायचे आणि त्यावर तर्री पडली की कोणाला कळायचं नाही. इथे लपवायला काही नव्हतं. त्याला मनातून बरं वाटलं नाही, पण त्याने ते कबूल केलं. हे काम पक्कं होतं.

मग प्लेट आली. पोह्यांवर शेव, बारीक कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), थोडा लिंबाचा रस आणि चिमटीने भुरकवलेला जिरावन मसाला. पोह्यात बडीशेप होती आणि साखर होती. घनश्यामने पहिला घास तोंडात धरून ठेवला. दुसरा घास नुसत्या पोह्यांचा घेतला, तिसरा नुसत्या शेवेचा. डॉक्टर पोट दाबून पाहतो, तसं त्याचं खाणं चाललं होतं. तोवर बेबीताईची प्लेट संपली होती. शेजारचा माणूस पोह्यांसोबत जिलबी खात होता, तिने ते पाहिलं आणि जिलबी मागवली. तिखट-गोड पोह्याचा घास आणि त्यावर गरम जिलबीचा तुकडा. तिने डोळे मिटले. घनश्यामने इतक्या वर्षांच्या संसारात तिला खाताना डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं. गाडी उघडायच्या घाईत ती नेहमी उभ्यानेच खायची.

डोळे उघडल्यावर तिने गाडीवाल्याला आपल्या हिंदीत विचारलं की तर्री नाही का. त्याला शब्द कळला नाही. तिने समजावलं की पोह्यांवर ओतायचा चण्याचा रस्सा. गाडीवाला आधी तिच्याकडे, मग आपल्या परातीकडे बघत राहिला. एवढ्या पहाटे उठून वाफेवर सुटे केलेले पोहे कोणीतरी भिजवायला निघालं होतं.

"गीला ही करना है, तो चाय में डुबो लो, माताजी," तो म्हणाला.

लोक हसले. बेबीताईही हसली. घनश्याम हसला नाही. त्याने मनात नोंद केली की इंदोरी पोह्यात तर्री नसते. नुसती नसते असं नाही, तर तिचं नाव काढलं तरी लोक हसतात. म्हणजे पलीकडचा पोरगा नेरला कोरडे पोहे विकतो आणि तरी लोक जातात. त्याला अभिषेकची थोडी भीती वाटली.

त्या दिवशी ते शहरभर फिरले. बेबीताईला जे दिसलं, ते तिने खाल्लं. खोपरा पॅटिस खाल्लं, ज्यात बटाट्याच्या पोटात खोबऱ्याचं सारण असतं. कचोरी खाल्ली. मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि परत मागितला. शिकंजी म्हणून लिंबाचं सरबत मागवलं, तर पेल्यात घट्ट, केशरी, सुकामेवा घातलेलं दूध आलं. तिने ते पाहून जरा विचार केला आणि चुकलेली ऑर्डर देव पाठवतो अशा चेहऱ्याने पिऊन टाकलं. रात्री सराफ्यात, म्हणजे दुकानं मिटल्यावर सोनारांच्या गल्लीत भरणाऱ्या खाऊबाजारात, गराडू खाल्ले. थंडीत मिळणारा हा कंद तळतात आणि वर तोच जिरावन. तिने घनश्यामच्या प्लेटमधलेही खाल्ले.

घनश्याम मात्र कामावर होता. भुट्ट्याचा कीस पाहून त्याला किसणाऱ्याचा खांदा दिसला. गराडूची जाड साल पाहून कापणाऱ्याचा पंजा दिसला. कढईचं तेल किती जुनं आहे, हे तो वासावरून ओळखत होता आणि बेबीताईने विचारलं नाही तरी सांगत होता. शेवटी तिने त्याला सांगितलं की गप बसा आणि खा.

"आपण खायले नाई आलो," तो म्हणाला.

"तुम्ही नसान आले. मी तं खायलेच आली."

लॉजवर परत येताना एका दुकानावर 'उसळ पोहा' लिहिलेलं दिसलं. आत लोक पोह्यांवर तिखट लाल उसळ ओतून खात होते. बेबीताई थांबली. तिला दिवसभराच्या गोडानंतर तिखट हवं होतं. घनश्यामने आत नजर टाकली, लाल रंग पाहिला आणि तिचा हात धरून पुढे निघाला. हे तर आपल्याकडचंच झालं, तो म्हणाला. इतक्या दूर येऊन घरचंच कायले खायचं? हे काही इंदोरचं खरं नव्हे, बाहेरच्या लोकांसाठी ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो एकटाच पहिल्या कोपऱ्यावर गेला. गाडीवाला नुकताच आला होता. त्याने कालच्या माणसाला ओळखलं आणि हसून विचारलं की तर्री आणली का. घनश्याम म्हणाला की मी पण पोहेवालाच आहे. गाडीवाल्याने त्याचे हात पाहिले. मग सांबाराची जुडी त्याच्यापुढे टाकली. घनश्याम निवडायला बसला. मातीचं एक देठ राहू दिलं नाही. मग त्याला पोहे धुवायला मिळाले. चाळणीत किती वेळ पाणी घालायचं, हळद-मीठ-साखर कधी चोळायची, फोडणी किती कमी तेलाची, परात किती वेळाने वरखाली करायची, हे सगळं त्याने हाताने केलं. गर्दी सुरू झाली तेव्हा तो वाढत होता. दोन दिवसांत तो पहिल्यांदा खूश दिसला. बेबीताई आली तेव्हा तिला वाटलं, नवरा इंदोरला नोकरीला लागला.

निघताना गाडीवाल्याने त्याला चांगला जिरावन कुठे मिळतो ते दुकान सांगितलं. घनश्यामने जिरावन घेतला, बडीशेप घेतली, शेव घेतली. बेबीताईने जिलबी घेतली, ती बसमध्येच संपली.

नेरला आल्यावर त्याने भांडेवाल्याकडून परातीच्या मापाचं खोल भांडं घेतलं. पहिल्या खेपेला परात डगमगत होती, म्हणून भांड्याचा काठ ठोकून घेतला. दोन दिवस घरी सराव केला. तिसऱ्या दिवशी चणे भिजवले नाहीत. बेबीताईने चण्याचा डबा काढून ठेवला होता, तो त्याने परत फळीवर सरकवला.

"थोडीशी तर्री ठेवा ना," ती म्हणाली. "नाई घेतली कोणी तर आपण खाऊ."

"तर्री ठेवली म्हणजे इंदोरी कुठं राह्यलं?"

"अन् नाई ठेवली तं नेर कुठं राह्यलं?"

सकाळी गाडी लागली. वाफेवर परात चढली. पोहे असे उतरले की इंदोरच्या गाडीवाल्यानेही मान डोलावली असती. पहिला आला फुलचंद. घनश्यामची गाडी इतके दिवस कुठे गेली होती, याचं त्याला कुतूहल होतं. घनश्यामने प्लेट वाढली. शेव, कांदा, सांबार, लिंबू, जिरावन. फुलचंदने प्लेट घेतली, चमचा हातात धरला आणि उभा राहिला. प्लेट पुढे केलेलीच होती.

"खा ना," घनश्याम म्हणाला.

"टाका ना," फुलचंद म्हणाला.

"काय?"

"तर्री, भाऊ."

घनश्यामने त्याला समजावलं. हे इंदोरी पोहे आहेत, यात तर्री नसते. इंदोरला जाऊन स्वतः बनवून आलो. तिथे तर्री मागितली तर लोक हसतात. फुलचंदने सगळं मान देऊन ऐकलं. माणूस इतका लांब जाऊन आला, तर ऐकायलाच पाहिजे. मग तो म्हणाला, "पण अभिषेक तं टाकते."

घनश्यामच्या हातातला झारा परातीत राहिला.

"काय टाकते?"

"तर्री. दोनदा टाकते. तुमच्यासारखीच."

फुलचंदने दोन घास कोरडे खाल्ले, तिसऱ्याला पाणी मागितलं आणि जीप लागली म्हणून गेला. जीप लागली नव्हती. घनश्यामला इथून दिसत होतं की तो रस्ता ओलांडून गेला.

इतकं कळल्यावर दुसऱ्या कोणी संध्याकाळी चणे भिजवले असते. घनश्यामने भिजवले नाहीत. उलट त्याला बळ आलं. पोरगा इंदोरच्या नावावर तर्री विकतो, म्हणजे खोटं विकतो. खरं आपल्याकडे आहे. लोकांच्या जिभेला खऱ्याची सवय नाही, ती लागेल. काम पक्कं असलं की वेळ लागला तरी लोक येतात, हा त्याचा अनुभव होता. तो विसरला की इतकी वर्षं लोक येत होते ते तर्रीसाठी.

त्याने लोकांना समजवायला सुरुवात केली. प्रत्येक प्लेटमागे वाफेची माहिती सांगितली. लोक ऐकायचे. शाळेत गुरुजी सांगतात तसं ऐकायचे, खाली पाहायचे आणि सुटी झाल्यासारखे निघून जायचे. कंडक्टरही अलीकडे यायचा थांबला. पूर्वी अर्धे पलीकडे जात होते, आता सगळेच जाऊ लागले, कारण तर्री आता तिथेच होती. उरलेले पोहे घनश्याम आणि बेबीताई दुपारी खायचे, रात्री खायचे. पोहे उत्तम होते.

एका दुपारी बेबीताईने प्लेट बाजूला सारली. म्हणाली की ती आज सकाळी पलीकडे गेली होती. घनश्याम पाणी आणायला नळावर गेला होता, तेव्हा. तिने बाकड्यावर बसून अख्खी प्लेट खाल्ली. स्टँडने पाहिलं आणि काही झालं नाही.

घनश्यामने हातातला घास परत प्लेटमध्ये ठेवला.

"तुमचीच तर्री हाय," ती म्हणाली. "कच्ची हाय, पण तुमचीच हाय."

दुसऱ्या दिवशी जीपांची घाई ओसरल्यावर घनश्यामने परात झाकली, हात पुसले आणि रस्ता ओलांडला. रस्ता रिकामा होता, तरी त्याने दोन्हीकडे पाहिलं. अभिषेकने त्याला येताना पाहिलं आणि आधी मोजे काढले. मग बाकडं पुसलं. मग परत मोजे घातले. काय करावं हे त्याला कळत नव्हतं. घनश्याम बसला आणि म्हणाला की एक प्लेट दे.

प्लेट आली. खाली पोहे, थोडे गोळा झालेले. वर लाल तर्री, तर्रीवर शेव, शेवेवर जिरावन. तर्री ओतून वर शेव टाकल्यामुळे ती अजून कुरकुरीत होती. ही युक्ती चांगली होती, हे घनश्यामने मनात मान्य केलं. मग त्याने तर्रीचा घोट घेतला. जाळावर भाजलेला कांदा. काळं केलेलं खोबरं. धणे जास्त, मिरे कमी. त्याच्याच हाताचा हिशेब, दुसऱ्याच्या हाताने घाईत केलेला. चणा दाताखाली आला आणि टणक लागला.

त्याने प्लेट अर्धी खाल्ली तेव्हा अभिषेक शेजारी येऊन बसला.

"काकाजी, कॉलेजले जाताना तुमच्याकडंच खायचो मी. अमरावतीची बस पकडायच्या आधी. रोज."

घनश्यामला तो आठवत नव्हता. सकाळच्या बसची पोरं सगळी सारखीच. बॅग पाठीला आणि प्लेट पुढे.

अभिषेकने सांगितलं की सुरुवातीला त्यानेही कोरडेच विकले. मोबाईलमध्ये पाहून, जसं दाखवलं तसं. चार दिवस कोणी दुसऱ्यांदा आलं नाही. एका म्हाताऱ्याने तर प्लेट परत करून विचारलं, बापा, हे शिजले नाई का? मग पाचव्या दिवशी त्याने जिभेवर होती तशी तर्री करून पाहिली. म्हणजे काकाजींची. तेव्हापासून लोक येत आहेत. फ्लेक्सवर राजवाडा छापून झाला होता, म्हणून नाव इंदोरीच राहू दिलं.

"तू इंदोरले गेलता का?" घनश्यामने विचारलं.

"नाई ना. तुम्ही गेलते म्हणते. कसं हाय जी तिथलं?"

घनश्यामने सांगितलं की वाफेवर ठेवतात. पोरगा पुढे सरकून ऐकू लागला. नेरला आल्यापासून इंदोरची गोष्ट कोणी अशी ऐकली नव्हती. घनश्यामने परातीबद्दल सांगितलं, बडीशेपेबद्दल सांगितलं, भुट्ट्याच्या किसाबद्दल सांगितलं. बेबीताईने जिलबी खाताना डोळे मिटले होते, तेही बोलून गेला आणि मग थांबला.

"मले विचारलं असतं, तर मी सांगतलं असतं काकाजी," अभिषेक म्हणाला. "तुम्ही कायले एवढ्या दूर गेले?"

घनश्यामने प्लेट उचलली आणि उरलेलं संपवलं. चणे परत टणक लागले. त्याला कळलं होतं की हा पोरगा रात्री चणे भिजवत नाही, सकाळी गरम पाण्यात टाकतो. जीभ शिवशिवली. आयुष्यात त्याने कोणाचं कच्चं काम पाहून तोंड बंद ठेवलं नव्हतं. जिनिंगमधल्या मुकादमालाही त्याने सोडलं नव्हतं. एक वाक्य सांगितलं असतं तर पोरगा सुधारला असता, आणि उद्यापासून अलीकडे यायला कोणाला काही कारण उरलं नसतं. तो उठला, हात धुतला, पोहे बरे झाले म्हणाला आणि रस्ता ओलांडला. त्याला वाटलं, गप बसायला पडली एवढी मेहनत इंदोरला पण नाही पडली.

संध्याकाळी चणे भिजले. सकाळी खलबत्त्याचा आवाज ऐकून शेजारीण विचारायला आली की घरात पाहुणे आहेत का. बेबीताईने सांगितलं की आहेत, जुनेच.

गाडीवर आता दोन्ही होतं. वाफेवरचे सुटे पोहे आणि गंजात तर्री. शेव तर्रीच्या वर टाकायची, हे त्याने अभिषेककडून उचललं, पण तसं कोणाला सांगितलं नाही. फुलचंदने दुरून लाल रंग पाहिला आणि सावकाश आला. प्लेट पुढे केली. तर्री पडली. पहिला घास घेऊन त्याने मान हलवली, दुसरा घेतला, मग स्टँडकडे तोंड करून दोन-तीन जणांना हात केला.

"आता जमलं," तो आलेल्या लोकांना सांगू लागला. "आता कसे अभिषेकसारखे झाले. त्याच्याहून बी नरम चणे हाय."

बेबीताईने हसू लपवायला पटकन गंजाचं झाकण उचललं आणि आत पाहत राहिली. घनश्याम वाढत होता. कंडक्टर परत आला. कॉलेजची पोरं आली, ज्यांनी त्याची जुनी तर्री कधी खाल्ली नव्हती. त्यांना हे नवीनच वाटलं. आठवड्याभरात स्टँडवर बोलायची नवी रीत पडली. छत्रीखालचं ते पलीकडचं इंदोरी, आणि घनश्यामचं ते अलीकडचं इंदोरी. दोन्ही चांगलं, पण मूळचं पलीकडचं, असं लोक बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगत. घनश्यामने एकदा तोंड उघडलं, की ही तर्री वीस वर्षं इथेच होती. समोरच्या पोराने मान डोलावली आणि विचारलं, मग तुम्ही वीस वर्षांपासून इंदोरी विकता का काकाजी? त्यानंतर त्याने तो विषय सोडला.

एका सकाळी गंजाचा तळ दिसला. दारव्ह्याची शेवटची जीप अजून भरायची होती. फुलचंद तिसऱ्यांदा प्लेट पुढे करून उभा होता. घनश्यामने सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"भाऊ, खरं सांगा," फुलचंद म्हणाला. "ही तर्री तुम्ही इंदोरलेच शिकून आले ना?"

बेबीताई कांदा चिरायची थांबली. घनश्यामने पळी गंजाच्या तळाला घासून फिरवली आणि उरलेली सगळी तर्री त्याच्या प्लेटमध्ये ओतली.

"हो," तो म्हणाला. "दोन दिवस गेलतो."